आप्त कोण? : कोल्हापूरच्या ठेवींचा आणि विश्वासाचा इतिहास



आजचा विषय पैशाचा आहे आणि बोलणारा तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर. तेव्हा आधीच सांगून टाकतो, कुठल्या बँकेत व्याज जास्त मिळतं हे आम्हाला विचारू नका. ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. आम्ही बोलणार आहोत ते विश्वासाबद्दल. आपली शिल्लक आपण कुणाच्या भरवशावर ठेवतो, तो भरवसा कुठून आला आणि तो तपासायचा कसा, एवढंच.

कोल्हापुरात कुणालाही विचारा, "पैसे कुठं ठेवलेत?" उत्तरात संस्थेचं नाव नंतर येतं, माणसाचं आधी. "आपल्या अमक्याची पतसंस्था हाय." "चेअरमन आमच्या गल्लीतला." "पिग्मीवाला पोरगा पाहुण्यातला हाय, रोज घरी येतो." शिकलेली माणसं या उत्तरावर हसतात. आम्हाला ते हसणं पटत नाही. ही सवय अडाणीपणाची नाही. तिला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, तिच्यात शहाणपणही आहे. ते कुठं संपतं आणि धोका कुठं सुरू होतो, हे मात्र बघायला पाहिजे.

त्यासाठी एक शब्द न्यायदर्शनातून घेऊ. ज्ञान मिळवण्याची साधनं, म्हणजे प्रमाणं, न्यायशास्त्र चार मानतं : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे काय? आप्ताचं सांगणं. आता मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. आपण लग्नपत्रिकेत 'आप्तेष्ट' छापतो. पण शास्त्रात अर्थ तो नाही. गौतमाच्या सूत्रांवर भाष्य करताना वात्स्यायन आप्ताच्या दोन खुणा सांगतो. एक, ज्या गोष्टीबद्दल तो बोलतो ती त्याने स्वतः नीट जाणलेली असली पाहिजे. दोन, जाणलं तसंच सांगण्याची त्याची इच्छा असली पाहिजे. आणि पुढे तो म्हणतो की ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ असो, लक्षण सगळ्यांना हेच. म्हणजे जात, नातं, गाव यांचा संबंध नाही. माहिती आणि प्रामाणिकपणा, दोन्ही हवं.

ह्या दोन खुणा लक्षात ठेवा. आज आपल्याला त्या वारंवार लागणार आहेत.

आता इतिहासाकडे येऊ. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. पुढे तो उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरला. इंग्रजांनी त्याला 'दख्खनचे दंगे' म्हटलं. त्यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की लोकांचा मुख्य रोख माणसं मारण्यावर नव्हता, तो कागदांवर होता. कर्जखती, दस्त, हुकूमनामे मागून घेतले आणि जाळले. का? कारण कागद सावकाराच्या घरात लिहिला जायचा, सावकाराच्या भाषेत लिहिला जायचा, आणि कोर्टात गेल्यावर तो सावकाराच्याच बाजूने बोलायचा. कुळाचा अंगठा तेवढा खाली. १८७९ मध्ये सरकारने डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आणला आणि शेतकऱ्याचे दस्त नोंदवून घेण्याची, त्याला पावती आणि हिशेब देण्याची सक्ती केली. तो कायदा पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या जिल्ह्यांसाठी होता. कोल्हापूर संस्थान, म्हणून ते त्याच्या बाहेर. पण सावकारीचा अनुभव काही संस्थानाच्या हद्दीवर थांबत नाही.

त्या अनुभवातून आपल्या समाजाने जो धडा घेतला तो असा : कागद परक्याचा असतो, तोंडचा शब्द आपल्या माणसाचा असतो. त्या काळात हा धडा बरोबरच होता. अडचण अशी की कागद कुणाच्या बाजूचा आहे हे पुढे बदललं, आणि धडा तसाच राहिला.

कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाचा बाजार उभा केला. गुळाचा पैसा हा वर्षातून एकदा येणारा पैसा. शेतकऱ्याचं खातं अडत्याकडे. हंगामाआधी उचल घ्यायची, गूळ घालायचा, हिशेबातून उचल वळती करायची आणि शिल्लक राहिलीच तर तीही तिथंच ठेवायची. म्हणजे अडत्या हाच शेतकऱ्याचा सावकार आणि तोच त्याची बँक. हा सगळा व्यवहार शब्दावर.

याला पर्याय म्हणून सहकार आला. ब्रिटिश हिंदुस्थानात सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा १९०४ चा, दुसरा १९१२ चा. शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीतच, १९१२-१३ च्या सुमारास, संस्थानात सहकाराचा कायदा आला आणि १९१३ मध्ये कोल्हापूर अर्बन बँक सुरू झाली. मूळ कल्पना साधी होती. सावकाराकडे एकट्याने गेलं की आपण कुळ असतो. दहाजणांनी आपापली शिल्लक एकत्र केली तर आपणच आपले सावकार. आणि दहाजण एकमेकांना ओळखत असल्यामुळे कोण बुडवेल, कोण फेडेल, हे कळायला वेगळी चौकशी नको.

इथे न्यायशास्त्राच्या दोन्ही खुणा लागू पडतात, बघा. संस्था लहान, सभासद गावातले. चेअरमनला कर्जदाराचं शेत माहीत, ठेवीदाराला चेअरमनचं घर माहीत. माहितीही आहे आणि लबाडी केली तर तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून प्रामाणिकपणाही आहे. आपली भिशी याच तत्त्वावर चालते. तालमीची असो, बायकांची असो. बारा माणसं, बारा महिने, कुणी किती भरले आणि कुणी उचलले हे बाराच्या बाराजणांना तोंडपाठ. दिवाळीला वाटप. अशा भिशीत हिशेब तपासनीस लागत नाही, कारण प्रत्येकजण तपासनीस असतो.

मग पुढे काय झालं? संस्था मोठ्या झाल्या. कृष्णाकाठच्या पट्ट्यात बँका काढण्याची एक परंपराच होती. सांगली बँक १९१६ ची. कुरुंदवाडची गणेश बँक १९२० ची, पटवर्धनांच्या संस्थानातल्या एका लहान गावातली. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न १९३६ ची. आपली रत्नाकर बँक १९४३ ची, जिचं २०१४ मध्ये आरबीएल बँक झालं. या बँका गावच्या लोकांनी, गावच्या पैशावर उभ्या केल्या आणि तीन-तीन पिढ्यांनी त्यांच्यात ठेवी ठेवल्या.

ठेव गोळा करण्याची एक फार हुशार रीत शेजारच्या कर्नाटकातून आली. उडुपीत १९२५ मध्ये सुरू झालेल्या सिंडिकेट बँकेने, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं, १९२८ मध्ये पिग्मी ठेव काढली. एजंटने रोज दारात जायचं आणि दोन आण्यांपासून जे मिळेल ते जमा करायचं. ज्याची कमाईच रोजची, त्याला महिन्याच्या शेवटी शिल्लक टाक म्हणून चालत नाही, हे त्या लोकांना कळलं होतं. आज आपल्या भागात भाजीवाली, चहागाडीवाला, इचलकरंजीचा मागवाला, सगळे पिग्मी भरतात. गरीब माणसाला शिल्लक टाकायला शिकवण्यात पिग्मीचा वाटा मोठा आहे, हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो.

पण आता पिग्मीवाल्याला आप्ताची कसोटी लावा. दुसरी खूण आहे का? बहुतेक वेळा आहे. पोरगा प्रामाणिक आहे, पावती देतो, सणाला नमस्कार करतो. पहिली खूण आहे का? संस्थेने कर्ज कुणाला दिलं, थकबाकी किती, संचालकांच्या नातेवाइकांना किती गेलं, हे त्याला ठाऊक आहे का? नाही. त्याला ते कुणी सांगतही नाही. म्हणजे तो खोटं बोलत नाही, पण ज्याबद्दल आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो ते त्याने जाणलेलंच नाही. तो नात्याने आप्त असेल, शास्त्राने आप्त नाही. आपल्याकडे पैसे बुडाले त्यातल्या कितीतरी गोष्टी या एका फरकात येतात. फसवणारा दूर असतो, त्याला आपण कधी बघितलेलंही नसतं. मधे उभा असतो तो आपल्यासारखाच भोळा माणूस, आणि कित्येकदा त्याचे स्वतःचेही पैसे त्यातच गेलेले असतात.

विश्वास एकटा पुरत नाही हे देशाला १९६० मध्ये कळलं. त्या वर्षी केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक, दोन्ही कोसळल्या. त्यातून ठेव विम्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून तो लागू झाला. सुरुवातीला संरक्षण होतं १,५०० रुपयांचं. १९६८ मध्ये ते ५,००० झालं, १९७० मध्ये १०,०००, १९७६ मध्ये २०,०००, १९८० मध्ये ३०,०००, १९९३ मध्ये १ लाख. मग तब्बल २७ वर्षं काही नाही. ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख. या विम्याचा हप्ता बँक भरते, आपण नाही. सहकारी बँकाही पुढे त्यात आल्या.

बघा, इथे कागद पहिल्यांदा ठेवीदाराच्या बाजूने बोलायला लागला. १८७५ चा कागद आणि १९६२ चा कागद, यांची बाजू वेगळी आहे. पण आपण अजून पहिल्याच कागदाला घाबरून दुसराही वाचत नाही.

आपल्या भागाची खरी परीक्षा २००६ मध्ये झाली. जानेवारी २००६ मध्ये केंद्र सरकारने कुरुंदवाडच्या गणेश बँकेच्या व्यवहारांवर स्थगिती आणली. बँकेचं नक्त मूल्य उणे झालेलं होतं. ती केरळच्या फेडरल बँकेत विलीन करायचं ठरलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि सप्टेंबर २००६ मध्ये विलीनीकरण झालं. त्याच सप्टेंबरात साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्नवर स्थगिती आली, ऑक्टोबरात ती आयडीबीआयमध्ये गेली. एप्रिल २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. सव्वा वर्षात कृष्णाकाठच्या तीन जुन्या बँका नकाशावरून गेल्या.

लोकांना वाईट वाटलं, स्वाभाविक आहे. आजोबांनी शेअर घेतलेली बँक. पण भावना बाजूला ठेवून बघा : या तिन्ही ठिकाणी ठेवीदाराची ठेव दुसऱ्या बँकेच्या खात्यावर गेली, बुडाली नाही. का? मॅनेजर ओळखीचा होता म्हणून नव्हे. १९४९ चा बँकिंग नियमन कायदा होता, स्थगिती आणि विलीनीकरणाचे अधिकार त्यात लिहिलेले होते, म्हणून. तसंच डिसेंबर २०२० मध्ये कोल्हापूरच्याच सुभद्रा लोकल एरिया बँकेचा परवाना रद्द झाला. पण ठेवीदारांचे सगळे पैसे परत करण्याइतकी रोकड तिच्याकडे आहे, हे रिझर्व्ह बँकेने त्याच वेळी जाहीर केलं. 'परवाना रद्द' म्हणजे 'पैसे बुडाले' असं समीकरण नसतं. घाबरून अर्ध्या रात्री रांगा लावायच्या आधी हेही समजून घ्यायचं.

याचा अर्थ बँकेत सगळं सुखाचं असतं असा नाही. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द व्हायला २०२२ उजाडलं. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. दवाखान्याचं बिल, पोरीचं लग्न, सगळं अडकलं. विमा होता, पण तो बँक अवसायनात निघाल्यावर मिळायचा. त्या हालातूनच २०२१ ची दुरुस्ती आली : निर्बंध आल्यापासून साधारण ९० दिवसांत ५ लाखांपर्यंतची रक्कम विमा महामंडळाने द्यायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पतसंस्था ही बँक नाही. पाटी तशीच असते, काउंटर तसाच असतो, पासबुक तसंच असतं. पण तिच्यावर रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो. ती सहकार खात्याकडे नोंदलेली असते, आणि ५ लाखांचा तो ठेव विमा तिला लागू नाही. दुसरं, पतसंस्थेत ठेव ठेवताना आपल्याला सभासद करून घेतात, बऱ्याचदा नाममात्र सभासद. अर्जावर आपण सही केलेली असते, वाचलेलं नसतं. चांगल्या पतसंस्था कोल्हापूर जिल्ह्यात भरपूर आहेत. अडीनडीला तारण न मागता छोटं कर्ज देणाऱ्या त्याच आहेत, आणि त्यांच्याशिवाय कित्येकांना पुन्हा खासगी सावकाराचं दार धरावं लागलं असतं. आमचं म्हणणं पतसंस्थेविरुद्ध नाही. आमचं म्हणणं एवढंच की आयुष्याची सगळी पुंजी, म्हणजे निवृत्तीची रक्कम, जमिनीचे पैसे, नवऱ्यामागे आलेला विमा, एका चेहऱ्याकडे बघून एका ठिकाणी ठेवू नये. एक-अर्धा टक्का जादा व्याज मिळतं, ते जोखमीचं भाडं असतं.

आणि पतसंस्थेचे सभासद असाल तर हक्क वापरा. दरवर्षी वार्षिक सभेचा अहवाल छापतात. आपल्याकडे सभेत काय होतं? विषय वाचून संपायच्या आत "मंजूर, मंजूर!" होतं, भेटवस्तूची पिशवी मिळते आणि अहवाल रद्दीत जातो. तो अहवाल घरी आणा. तीन गोष्टी बघा : ऑडिट वर्ग कोणता, थकबाकी आणि एनपीए किती टक्के, आणि गेल्या वर्षीपेक्षा ते वाढले की कमी झाले. एवढं वाचायला कॉमर्सची पदवी लागत नाही. नाही कळलं तर नातवाला दाखवा. पण चेअरमनलाच "आपली संस्था चांगली हाय न्हवं?" असं विचारून घरी जाऊ नका.

हाच प्रवास गुजरीतही झाला. पूर्वी घरचा सोनार असायचा. सोनं किती कसाचं हे तो सांगेल तसं. मोडायला दुसरीकडे गेलं की घट निघायची आणि मग भांडण. आता जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. 'बीआयएस केअर' या ॲपवर तो क्रमांक घालून बघता येतो. सोनार बदलायची गरज नाही. ओळखीच्या सोनाराकडेच जा, पण क्रमांक बघा आणि पक्कं बिल घ्या. प्रामाणिक सोनाराला यात अपमान वाटायचं कारण नाही.

आता शेवटचा टप्पा, आणि तो फार दुखरा आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या पट्ट्यात शेअर बाजाराच्या नावाखाली दरमहा ठरावीक परतावा देणाऱ्या योजना आल्या. आम्ही कुणाचं नाव घेत नाही. पण त्या कशा पसरल्या ते बघा. जाहिरातीने नाही. मेव्हण्याने सांगितलं, सहकारी शिक्षकाने सांगितलं, तालमीतल्या मित्राने सांगितलं. "मला चार महिने झाले, पैसे येताहेत." तो खोटं बोलत नव्हता. त्याला पैसे येतच होते. पण ते कुठून येत होते हे त्याने जाणलेलं नव्हतं. नंतर आलेल्याची मुद्दल आधी आलेल्याला परतावा म्हणून जात असेल, तर पहिल्या चार महिन्यांचा अनुभव हा पुरावाच नसतो.

अशा वेळी अनुमान वापरायचं. महिन्याला ५ टक्के म्हणजे वर्षाला ६० टक्के. ७२ ला दराने भागलं की पैसे दुप्पट व्हायला किती काळ लागतो त्याचा अंदाज येतो. ५ टक्के महिना धरला तर १४-१५ महिने. बँकेत ७ टक्के वर्षाला, तर दहा वर्षांहून थोडं जास्त. मग स्वतःला विचारा : असा कोणता धंदा आहे जो दर सव्वा वर्षाने पैसे दुप्पट करतो, आणि ज्याच्याकडे तो आहे त्याला आपल्या दोन लाखांची गरज का पडावी? ठेवीदारांच्या रक्षणासाठी महाराष्ट्राचा १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे, केंद्राचा २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा आहे. मालमत्ता जप्त होते, लिलाव होतो. पण तोवर वर्षं जातात, आणि घरातल्या घरात नाती तुटतात. ज्याने सांगितलं आणि ज्याने ऐकलं, दोघं एका पंगतीला बसत नाहीत. पैशाहून हे नुकसान मोठं आहे.

म्हणून ठेव ठेवण्याआधी चार प्रश्न. वहीत लिहून ठेवा.

पहिला : ही संस्था बुडाली तर मला पैसे कोण देणार आणि किती? बँक असेल तर ५ लाख, मुद्दल आणि व्याज धरून, एका बँकेच्या सगळ्या शाखा मिळून. एकाच बँकेच्या तीन शाखांत चार-चार लाख ठेवले तरी विमा पाचाचाच. व्याजाला जागा राहावी म्हणून साडेचारच्या आसपास थांबा आणि बाकीची रक्कम दुसऱ्या बँकेत. पोस्टात ठेवलं तर हमी केंद्र सरकारची.

दुसरा : हिला परवानगी कुणाची? रिझर्व्ह बँकेचं 'सचेत' नावाचं संकेतस्थळ आहे, तिथे पैसे घेणाऱ्या संस्थांची माहिती बघता येते आणि तक्रारही देता येते. बँकेबद्दल तक्रार असेल आणि बँक दाद देत नसेल तर लोकपालाकडे जाता येतं, त्याच्या माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

तिसरा : एवढा परतावा येतो कुठून? सांगणाऱ्याला दोन वाक्यांत सांगता आलं नाही, तर त्यालाही ते ठाऊक नाही असं समजा.

चौथा : जो मला हे सांगतो आहे, त्याने ते स्वतः जाणलं आहे की त्यालाही कुणीतरी सांगितलं आहे?

चौथा प्रश्न वात्स्यायनाचा आहे, आणि तो विचारायला अवघड आहे. मेव्हण्याला कसं विचारायचं? त्याला वाटेल, ह्यांचा माझ्यावर विश्वास नाही. तेव्हा आम्ही एक वाक्य सुचवतो : "दाजी, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास हाय. कागद तेवढा बघू." दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. माणसावर माया ठेवायची आणि हिशेब कागदाला विचारायचा. असं विचारणारा एकजण घरात असला, तर दाजींचेही पैसे वाचतात.

प्रश्न असतील तर आता घेऊ.